एचओ मापातल्या, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकाराच्या मॉडेल रेल्वेतल्या, जुन्या अमेरिकन टपालडब्याला पिशवी पकडणारा हात कसा बसवायचा? आणि डबा वळणावर रुळांवरून का उतरतो?

तुमचा डबा साठ फुटी 'रेल्वे पोस्ट ऑफिस', म्हणजे आरपीओ, आणि किट प्लॅस्टिकचं आहे असं धरून सांगतो.

आधी हात. गाडी न थांबता स्टेशनातून जाताना कारकून दारातला हा हात बाहेर वळवायचा, आणि रुळांशेजारच्या खांबावर टांगलेली, मधोमध आवळलेली टपालपिशवी त्यात अडकायची. किटमधला हात बहुधा ०.९ मिमी जाड असतो. ८७ ने गुणलं तर खऱ्या डब्यावर तो तीन इंची पाइप झाला! तो सरळ काढून टाका आणि ०.४ मिमी पितळी तार घ्या.

दाराच्या दोन्ही चौकटींत समोरासमोर ०.५ मिमीची भोकं पाडा. एक तार आडवी बसेल. दुसऱ्या तारेला चिमट्याने तिरका कोन देऊन ती आडव्या तारेला डाखा. डाखकाम डब्याबाहेर, लाकडी फळीवर करा, नाहीतर चौकट वितळते. जोडलेला हात बसवताना आतल्या बाजूने घट्ट सुपरग्लूचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब पुरे. उंची आणि जागा रेल्वेगणिक बदलते, तेव्हा तुमच्या रेल्वेच्या डब्याचे फोटो समोर ठेवा. हात मिटलेलाच ठेवा. बाहेर काढलेला मांडणीतल्या फलाटाला घासून तुटतो.

हे सगळं काचा लावण्याआधी. सुपरग्लूच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरा धूर बसतो, तो पुसून जात नाही. काचांना पांढरा, सुकल्यावर पारदर्शक होणारा गोंदच वापरा.

आता घसरण. आधी वजन करा. एनएमआरए, म्हणजे अमेरिकेतली मॉडेल रेल्वे छंदिष्टांची संघटना, हिची शिफारस आहे: एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. साडेआठ इंची डब्याला सव्वापाच औंस, म्हणजे सुमारे १४९ ग्रॅम. कमी पडलं तर शिशाच्या पट्ट्या डब्याच्या तळावर चिकटवा, छताला कधीच नाही. वजन वर गेलं की डबा वळणावर झुकतो. मग दोन ट्रकचे, म्हणजे चाकांच्या सांगाड्यांचे, स्क्रू तपासा. दोन्ही घट्ट असतील तर रूळ जरा वाकडा असला की एक चाक हवेत राहतं. एक ट्रक फक्त डावी-उजवीकडे फिरू द्या, दुसरा थोडा डुलूही द्या. बहुतेक वेळा दुखणं इथेच असतं. डुलून पायऱ्यांना चाक घासत असेल तर पायरीची आतली कड तासा. सहाचाकी ट्रक असेल आणि वळण १८ इंच त्रिज्येचं, तर वळण २२ इंचांचं करणं हाच इलाज. कपलरचा, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्याचा, मध्य रुळाच्या माथ्यापासून ९.९ मिमीवर हवा. त्याखालची वाकडी तार सांध्यांना लागत असेल तर वर वाकवा.

अक्षरांच्या पट्ट्या लावण्याआधी चकचकीत वार्निशचा हात द्या. खरखरीत रंगावर पट्टीखाली हवा अडकते आणि कडा चंदेरी दिसतात. पट्टी बसल्यावर मॅट वार्निश. आणि काळ जुळवा: ही सेवा १८६४ ते १९७७ चालली खरी, पण १९६७ मध्ये बहुतेक मार्ग बंद झाले. गडद ऑलिव्ह 'पुलमन ग्रीन' पोलादी डबा १९३० ते १९५५ च्या मांडणीत, इंजिनाच्या लगेच मागे, अगदी शोभतो.