रागसंगीत ऐकणाऱ्याने जाझ, वर्ल्ड आणि प्रोग्रेसिव्हमधले अलीकडचे कोणते अल्बम ऐकावेत?

तुम्ही लिहिलंय की आलाप निवांत ऐकायची सवय आहे आणि जाझ लावलं की सगळे एकदमच वाजवतायत असं वाटतं. म्हणूनच ‘शक्ती’ या भारतीय संगीत आणि जाझ मिसळणाऱ्या बँडचा ‘धिस मोमेंट’ (२०२३) मी पहिला सुचवणार नाही. झाकीरभाई आहेत, शंकर महादेवन आहेत, ग्रॅमीही मिळालंय, पण तिथे तुमचा कान ओळखीच्या जागाच शोधत बसेल.

आधी ‘प्रॉमिसेस’ ऐका, २०२१ चा. ‘फ्लोटिंग पॉइंट्स’ या नावाने संगीत करणारा इंग्लंडचा सॅम शेफर्ड, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि सॅक्सोफोनवर फॅरो सँडर्स. हेच सँडर्स साठच्या दशकात जाझमधले दिग्गज सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्याबरोबर अंगावर येणारा, किंचाळणारा सॅक्सोफोन वाजवत. इथे ते ऐंशीच्या उंबरठ्यावर आहेत. सुरांची एक छोटी आकृती जवळजवळ शेवटपर्यंत फिरत राहते, तानपुरा मागे असावा तशी. तिच्यावर ते एकेक सूर लावतात, थांबतात, पुन्हा लावतात. चौथ्या भागात तर सॅक्सोफोन बाजूला ठेवून नुसतं गुणगुणतात. सहाव्यात व्हायोलिनं चढत जातात तेव्हा आवाज कमी करू नका. एकूण ४६ मिनिटं, एका बैठकीत ऐका. सँडर्स २०२२ मध्ये गेले, आणि त्यांनी जाता जाता हे ठेवलं याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

मग ‘लव्ह इन एक्झाइल’ (२०२३). अरूज आफताब उर्दूत गाते, विजय अय्यर पियानोवर, शहजाद इस्माइली बास आणि सिंथेसायझरवर. तबला नाही, ड्रम नाहीत. तुमची अडचण इथे सुटेल असं मला वाटतं. आपल्या मैफलीत गाणारा कोण आणि साथीला कोण हे आधीच ठरलेलं असतं. इथे ते ठरलेलं नाही. आवाज मागे सरतो, पियानो पुढे येतो, कधी बासच वाट दाखवतो. पुढे कोण आहे हे शोधत ऐकलंत की तो ‘एकदम’पणा उलगडायला लागतो. त्यानंतर अय्यरचाच ‘कम्पॅशन’ (२०२४) लावा. तिथे ड्रम आहेत, वेग आहे. दुसऱ्या वेळी फक्त लिंडा मे हान ओ हिचा बास ऐका.

वर्ल्डमध्ये नायजरचा, सहारातल्या तुआरेग जमातीचा गिटारवादक एमदू मोक्तार. ‘फ्युनरल फॉर जस्टिस’ (२०२४) विजेच्या गिटारीवर पेटलेला आहे. जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि बँड अमेरिकेत अडकला. तेव्हा तीच गाणी त्यांनी साध्या गिटारीवर वाजवली, तो ‘टिअर्स ऑफ इन्जस्टिस’ (२०२५). दोन्ही लागोपाठ ऐका, संताप आणि शोक वेगवेगळे कळतील.

प्रोग्रेसिव्हमध्ये, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉककडे झुकणाऱ्या संगीतात, स्टीव्हन विल्सनचा ‘द ओव्हरव्ह्यू’ (२०२५), दोनच लांब रचना. आणि लयकारीची आवड असेल तर आर्मेनियन लोककथेवरचा, पियानोवादक तिग्रान हमास्यानचा ‘द बर्ड ऑफ अ थाउजंड व्हॉइसेस’ (२०२४). हाताने टाळी धरत ऐका, सम कुठे पडते ते शोधण्यातच अर्धी मजा आहे.