ओएचएनएसच्या पात्याला पाणी नको, तेल द्या

भाजीच्या सुरीचं पातं चुंबकाला चिकटेनासं होईपर्यंत तापवलं, बादलीतल्या पाण्यात बुडवलं, ‘टक्’ असा आवाज आला आणि धारेपासून वर चीर गेली, असं तुम्ही लिहिलंय. पोलाद ओएचएनएस, म्हणजे तेलात कडक करायचं हत्यारी पोलाद. म्हणजे घोटाळा पाण्याने केला. भट्टीत केलेली चूक त्याच्या मानाने लहान आहे.

तापलेलं पोलाद बुडवून कडक करण्याला आपण ‘पाणी देणं’ म्हणतो खरं, पण लोहाराच्या कोयत्याला चालतं ते इथे चालत नाही. कोयता बहुतेक वेळा गाडीच्या पाट्याचा असतो, त्यात कार्बन कमी. शिवाय लोहार फक्त धार बुडवतो आणि पाठीतली धग परत धारेत उतरू देतो. ओएचएनएसमध्ये कार्बन ०.९ टक्क्यांच्या आसपास, जोडीला मँगनीज, क्रोमियम, टंगस्टन. ते तेलातच पुरेसं कडक होतं. कडक होताना पोलाद किंचित फुगतं. पाण्यात वरचा थर आधी फुगून कडक होतो, गाभा नंतर फुगतो, आणि त्या ताणात पातं फाटतं.

आता तापमान. चुंबक सोडलं म्हणजे काम झालं असं नाही, अजून थोडं वर जायचंय. या पोलादाला साधारण ७९० ते ८१५ अंश लागतात आणि तिथे दहाएक मिनिटं टिकवावं लागतं. मापक नसेल तर घरचं बारीक मीठ वापरा. शुद्ध मीठ ८०१ अंशांना वितळतं. एक टोक बंद असलेली लोखंडी नळी भट्टीत ठेवा, आत पातं आणि शेजारी मीठ टाकलेला पत्र्याचा तुकडा. मिठाचे दाणे बसून काचेसारखा ओला थेंब झाला की तिथेच भाता आवरा. हे संध्याकाळी, सावलीत करा. उन्हात लाल रंग डोळ्याला फसवतो. पातं पिवळट नारिंगी दिसायला लागलं तर जास्त तापलं. त्याने पोलादाचे कण मोठे होतात आणि धार खपल्यांनी उडते.

तेल गोडंच घ्या, ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करून. जळकं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर छातीत जातो. भांडं लोखंडी आणि खोल हवं, झाकण हाताशी. टोक खाली धरून सरळ आत घाला आणि धारेच्या दिशेने पुढेमागे हलवा; आडवं हलवलंत तर पातं वाकेल. अर्धं बाहेर काढू नका, भडका तिथेच उडतो.

धार आधीच पातळ घासली असेल तर तीही चिरेल. मी पाऊण मिलिमीटर जाडी ठेवतो, उरलेलं नंतर घासतो.

बाहेर आल्यावर कानस फिरवून बघा. ती न कापता नुसती सरकायला हवी. पहिल्या दोन-चार फटक्यांत लागली तर घाबरू नका, वरची कार्बन गेलेली मऊ साल निघते; तिच्याखाली तपासा.

त्यानंतर मात्र थांबू नका. एकदा मी दमून कडक झालेलं पातं तसंच रात्रभर टेबलावर ठेवलं. सकाळी मुठीच्या कोपऱ्यापाशी केसाएवढी चीर होती, कुणी हातही लावला नव्हता. तेव्हापासून पातं हाताला सोसवेल इतकं निवलं की लगेच ओव्हनमध्ये जातं: २०० अंश, दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. ओव्हनच्या बटणावर विसंबू नका, आत वेगळा तापमापक ठेवा. घासून चकचकीत केलेल्या जागी फिकट गवती पिवळा रंग यायला हवा. निळा आला तर भाजीच्या सुरीसाठी पातं मऊ पडलं.

चिरलेलं पातं टाकून देऊ नका. चिरेपाशी मोडून आतले कण बघा: करडे, रेशमासारखे बारीक असतील तर आच जास्त झाली नव्हती, साखरेसारखे चमकत असतील तर पुढच्या वेळी आच कमी ठेवा.