ब्रिटनने युरोपीय संघ सोडला ते योग्य की अयोग्य? वादविवादात कोणती बाजू घेऊ?

माझं मत आधी सांगून टाकतो. मला मतदान करता आलं असतं तर मी संघात राहण्याच्या बाजूने केलं असतं. तरीही तुम्हाला निवड करता येत असेल तर ‘सोडला ते योग्य’ ही बाजू घ्या. तिचा सगळ्यात भक्कम मुद्दा फारसा कोणी मांडतच नाही, त्यामुळे परीक्षक कान टवकारतील. फक्त ती बाजू नेमकी कुठे ढासळते, तेही आधी माहीत करून घ्या.

भक्कम मुद्दा पैशाचा नाही. ‘दर आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला पाठवतो’ असं लाल बसवर रंगवून प्रचार झाला होता. तो आकडा घेऊन उभे राहिलात तर पहिल्याच मिनिटाला सापडाल. तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी १९८४ मध्ये भांडून मिळवलेली वर्गणीतली सूट त्यातून वजाच केलेली नव्हती.

खरा मुद्दा आहे शेवटचा शब्द कोणाचा, हा. १९८८ मध्ये ब्रिटिश संसदेने एक कायदा केला. स्पॅनिश मालकांच्या बोटी ब्रिटनमध्ये नोंदणी करून ब्रिटनच्या वाट्याचे मासे पकडत होत्या, ते बंद करायचं होतं. बोटवाले कोर्टात गेले. युरोपीय न्यायालयाने कौल दिला आणि १९९० मध्ये ब्रिटनच्याच सर्वोच्च न्यायपीठाला आपल्या संसदेचा कायदा बाजूला ठेवावा लागला. फॅक्टरटेम खटला म्हणतात त्याला. ब्रिटनकडे एका ग्रंथात लिहिलेलं संविधान नाही. ‘संसद सर्वोच्च’ हाच तिथल्या राज्यव्यवस्थेचा कणा. तोच वाकला, असं ज्यांना वाटलं त्यांना अडाणी ठरवून चालणार नाही. (मीही बरीच वर्षं तेच करत होतो.)

समोरचा म्हणेल, संसदेने १९७२ मध्ये आपणहून कायदा करून हे मान्य केलं होतं आणि वाटेल तेव्हा रद्द करायची मुभा होती. हे खरं आहे. पण तुम्ही म्हणा, ती मुभा वापरली, त्यालाच तर ब्रेक्झिट म्हणतात!

इथपर्यंत तुमचं पारडं जड राहील. मग कोणीतरी विचारेल, ‘बाहेर पडून जायचं कुठे?’ आणि तिथे अडचण सुरू होते.

२३ जून २०१६ च्या मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते, संघात राहावं की सोडावं. ५१.९ टक्के लोकांनी सोडा म्हटलं. ‘राहा’ म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं, चांगलं-वाईट जे होतं ते समोर होतं. ‘सोडा’चे मात्र अनेक अर्थ होते. नॉर्वेसारखं संघाबाहेर पण युरोपच्या बाजारपेठेत राहायचं? नुसता व्यापार करार करायचा? की काहीच करार नको? माझा एक मित्र तेव्हा तिथे नोकरीला होता. राष्ट्रकुल देशांच्या तिथे राहणाऱ्या नागरिकांना मताचा हक्क होता, म्हणून भारतीय पासपोर्टवर त्याने मत दिलं. वीस वर्षं तिथे राहून कर भरणाऱ्या त्याच्या जर्मन शेजाऱ्याला मात्र मत नव्हतं. मित्राने ‘सोडा’ला मत दिलं. त्याचा राग एवढाच की पोलंडचा माणूस उतरतो आणि कामाला लागतो, मी मात्र दर वेळी व्हिसाची फी भरतो. लिंकनशायरमधल्या बॉस्टन शहरात ७५ टक्क्यांहून जास्त लोकांनी तेच मत दिलं, आणि तिथली तक्रार होती की बाहेरचे लोक फार झाले. पुढे युरोपातून येणारे घटले, भारत आणि नायजेरियातून येणारे वाढले. २०२३ च्या मध्यापर्यंतच्या वर्षभरात येणारे आणि जाणारे यांच्यातला फरक नऊ लाखांच्या आसपास गेला. मित्राला हवं ते मिळालं. बॉस्टनवाल्यांना काय मिळालं?

संसदेतही तेच झालं. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी संघाशी केलेला बाहेर पडण्याचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी आपटला. मार्चमध्ये खासदारांसमोर आठ वेगवेगळे पर्याय ठेवले गेले आणि एकालाही बहुमत मिळालं नाही. निघायचं हे ठरलेलं होतं, पण कोणत्याच रस्त्याला पुरेसे हात वर होत नव्हते.

आयर्लंडची सीमा नीट समजून घ्या, कारण प्रश्न तिथेच येईल. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, उरलेला आयर्लंड स्वतंत्र देश आणि युरोपीय संघाचा सदस्य. त्यांच्यामधली ही सुमारे ५०० किलोमीटरची सीमा, दोनशेहून अधिक ठिकाणी रस्ते ती ओलांडतात. उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवण्यासाठी झालेल्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथली लष्करी ठाणी उठली. आज सीमा कुठे लागली हे कळतं ते वेगाच्या पाट्या मैलांवरून किलोमीटरवर गेल्या की. आता बेरीज करून बघा. ब्रिटनला युरोपची बाजारपेठ आणि जकात संघ (आपसात जकात नाही, बाहेरच्या मालाला सगळ्यांचा एकच दर) दोन्ही सोडायचे होते. आयर्लंड बेटावर तपासणी नाके नको होते. आणि उत्तर आयर्लंड व उरलेला ब्रिटन यांच्यामध्येही नाका नको होता. या तीनपैकी कोणत्याही दोन गोष्टी एकत्र जमतात, तिन्ही जमत नाहीत. माल कुठेतरी तपासावाच लागतो. मे यांनी गरज पडल्यास सगळ्या ब्रिटनलाच जकात संघात अडकवून ठेवायची तयारी दाखवली, तर त्यांचाच हुजूर पक्ष उलटला. त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या जॉन्सन यांनी तपासणी मधल्या समुद्रावर नेली, तर उत्तर आयर्लंडमधले ब्रिटननिष्ठ भडकले. २०२३ मध्ये विंडसर करार करून मालाच्या दोन रांगा केल्या (एक उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालाची, दुसरी पुढे युरोपीय संघात जाऊ शकणाऱ्या मालाची), आणि ब्रिटनमधल्या कितीतरी खाद्यपदार्थांवर ‘युरोपीय संघासाठी नाही’ असं छापायची वेळ आली. स्वतःच्याच देशात माल पाठवताना!

अर्थव्यवस्थेवर फार वेळ घालवू नका, दोन्ही बाजूंना तिथे चटके आहेत. नुसत्या निकालाने लगेच मंदी येईल हे २०१६ चं अर्थखात्याचं भाकीत फसलं. उलट सरकारसाठी आर्थिक अंदाज बांधणारी स्वायत्त संस्था धरून चालते की उत्पादकता दीर्घकाळात सुमारे चार टक्क्यांनी कमी राहील. घाव नाही, गळती आहे.

तुमच्या बाजूने एक उदाहरण मात्र जरूर वापरा, ते म्हणजे ग्रीनलँड. आणि गंमत बघा, पुन्हा मासेच. १९७२ मध्ये तिथल्या सुमारे ७० टक्के लोकांनी नको म्हणूनही डेन्मार्कबरोबर त्यांनाही आत ओढलं गेलं. स्वायत्तता मिळाल्यावर त्यांनी १९८२ मध्ये सार्वमत घेतलं, निसटत्या बहुमताने ‘बाहेर’ ठरलं, आणि १९८५ मध्ये ते बाहेर पडले. जेमतेम पन्नास हजार वस्ती आणि मुख्य भांडण एका विषयाचं, तरी वाटाघाटींना तीन वर्षं लागली. शेवटी युरोपच्या बोटींना मासेमारीचा हक्क देऊन त्यांनी पैसे घेतले, वर आपले मासे विनाजकात विकायची सोयही करून घेतली. काय हवंय हे त्यांना निघण्याआधी ठाऊक होतं.

स्कॉटलंडचा प्रश्न शक्यतो तुम्ही स्वतःहून काढू नका. तिथे ६२ टक्क्यांनी राहायचं म्हटलं होतं, तरी जावं लागलं. ‘दूरच्या राजधानीने आमचे निर्णय का घ्यावेत’ हे तुमचं वाक्य प्रतिस्पर्धी ब्रसेल्सऐवजी (युरोपीय संघाचं मुख्यालय) लंडन घालून तसंच्या तसं परत करेल. केलंच, तर एवढं म्हणा की त्यांनाही तो हक्क आहे, आणि तुमच्याच बाजूचे निम्मे लोक नाराज झाले तरी त्या वाक्यावर ठाम राहा.