फोर्क ऑइल घेताना नुसता 'डब्ल्यू' बघू नकोस

मित्रा, फोर्क ऑइल म्हणजे बाईकच्या पुढच्या शॉकअपमधलं (फोर्कमधलं) तेल. ते घेताना आधी तुझ्या बाईकचं सर्व्हिस मॅन्युअल बघ. ऑइलचा ग्रेड आणि प्रत्येक शॉकअपमध्ये किती मिली टाकायचं, हे त्यात दिलेलं असतं.

डब्यावरच्या १०डब्ल्यू, १५डब्ल्यू या जाडीच्या आकड्यांवर मात्र विसंबू नकोस. एका कंपनीचं १०डब्ल्यू दुसरीच्या १०डब्ल्यूपेक्षा बरंच पातळ निघू शकतं. खरी तुलना करायची तर कंपनीच्या डेटाशीटवर ४० अंश सेल्सिअसचा सेंटिस्टोक्सचा (ऑइल किती जाड आहे त्याचं माप) आकडा बघ. ब्रँड बदलताना तर नक्कीच.

ब्रेक मारल्यावर पुढचा भाग खाली बसतो म्हणून लगेच जाड ऑइल भरू नकोस. वजन पेलते ती स्प्रिंग. ऑइल फक्त हालचालीचा वेग आवरतं. जास्त जाड ऑइलने खड्ड्यांचे दणके थेट हातात येतात. पुढचा भाग बसत असेल तर स्प्रिंग तपास.

काही मेकॅनिक उरलेलं इंजिन ऑइल ओततात. ते अजिबात चालवून घेऊ नकोस, फोर्क ऑइलमध्ये फेस आवरणारे घटक असतात.

आणि लेव्हल! ऑइल भरून फोर्कचा पाइप वर-खाली करून हवा काढ. मग मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं नसेल तर स्प्रिंगशिवाय, पाइप पूर्ण दाबून त्याच्या वरच्या कडेपासून ऑइलपर्यंतचं अंतर मोज. दोन्ही बाजू मिलिमीटरपर्यंत सारख्या हव्यात.