रेटिंगला मानांकन म्हणावे की गुणांकन?

प्रश्न असा आहे: बेसबॉलच्या सिम्युलेशन गेमची (खेळाडूंच्या आकड्यांवरून लुटुपुटूचे सामने खेळवणाऱ्या खेळाची) माहिती मराठीत लिहिताना ‘प्लेअर रेटिंग’साठी मानांकन, गुणांकन, श्रेणी, क्रमवारी यांपैकी काय वापरावे, की रेटिंगच ठेवावे?

क्रमवारी आधीच बाद करू. ती इतरांच्या तुलनेतली जागा सांगते: पहिला, दुसरा, तिसरा. रेटिंग तसे नसते, दहा खेळाडूंना 60 मिळू शकतात. श्रेणी म्हटले की प्रगतिपुस्तकातले अ, ब, क आठवतात. प्रतवारी मालाची होते.

खरी चुरस मानांकन आणि गुणांकन यांत. मानांकन या शब्दाला अधिकृत शिक्क्याचा वास आहे. आयएसओ मानांकन, भौगोलिक मानांकन, पतमानांकन: कुणीतरी तपासून दर्जा बहाल केलेला असतो. टेनिसमध्ये तर अग्रमानांकित, बिगरमानांकित हे शब्द इतके रुळलेत की खेळाच्या संदर्भात मानांकन लिहिले तर वाचक ‘सीडिंग’, म्हणजे स्पर्धेआधी बलवान खेळाडूंना दिलेला क्रम, समजेल. गेममधले रेटिंग हा बहुमान नाही, हिशेबात घालायचा आकडा आहे. म्हणून माझे मत गुणांकनाला. ‘गुण’ म्हणजे अंगचा गुणही आणि परीक्षेतले गुणही. गेममध्ये नेमके हेच होते, ताकद, नजर, वेग अशा एकेका गुणाला गुण दिले जातात. मात्र ‘गुणांक’ लिहू नये. गणितात गुणांक म्हणजे सहगुणक, आणि सूत्रे मांडायची वेळ आली की गोंधळ होतो. प्रक्रिया ती गुणांकन, मिळालेला आकडा तो गुण.

शब्द नेमका हवा, कारण बरेच जण रेटिंग आणि आकडेवारी एकच धरतात. आकडेवारी घडून गेलेल्याची असते. गुण पुढे काय घडू शकते ते सांगतात, आणि गेम त्यांच्यावरूनच निकाल काढतो. ‘याने 6 होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले’ ही आकडेवारी. त्यावरून ताकदीचे गुण कसे काढतात ते पाहू.

स्काउट मंडळींची, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांची, नेहमीची मोजपट्टी 20 ते 80. लीगची सरासरी 50 धरतात आणि प्रत्येक प्रमाण विचलनाला (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापाला) 10 गुण. समजा लीगमध्ये होमरनचे प्रमाण 3 टक्के आहे, प्रमाण विचलन 1.5. खेळाडू 60 वेळा फलंदाजीला आला आणि त्याने 6 होमरन मारले, म्हणजे 10 टक्के. सरळ हिशेब केला तर गुण येतात जवळजवळ 97. पट्टी 80लाच संपते! चूक सूत्रात नाही, 60 संधींवर भरवसा ठेवण्यात आहे. म्हणून आकडा सरासरीकडे ओढतात: त्याच्या खात्यात सरासरी खेळाडूच्या, समजा, 170 संधी घालायच्या. त्यांतले होमरन 5.1. आता 230 संधींत 11.1, म्हणजे 4.83 टक्के. गुण 62, पाचाच्या पटीत 60. हाच खेळाडू 600 संधींत 60 होमरन मारता, तर ओढूनही 80च्या पार गेला असता आणि तिथे थांबवावा लागला असता.

या ओढण्याला मराठीत जड पारिभाषिक शब्द शोधण्यापेक्षा ‘सरासरीकडे ओढणे’ लिहावे, लगेच कळते.

ओढण्याच्या आधी मैदानामुळे पडणारा फरक आकड्यातून काढावा लागतो. डेन्व्हरचे कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे 1600 मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो. एखाद्या मैदानावर होमरन 20 टक्क्यांनी वाढत असतील, तर तिथल्या खेळाडूच्या होमरनचा भागाकार 1.20ने नव्हे, 1.10ने करायचा, कारण त्याचे निम्मे सामने दुसऱ्या मैदानांवर होतात. पूर्ण 1.20ने भागून घरच्या खेळाडूंना दुबळे करून ठेवणे ही नेहमीची चूक.

फाशांच्या गेममध्ये तर गुण आकड्याने लिहिलेलेच नसतात. 1961 साली हॅल रिचमन यांनी आणलेल्या स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये पहिला फासा रकाना ठरवतो: 1 ते 3 आला तर फलंदाजाचे कार्ड, 4 ते 6 आला तर पिचरचे (चेंडू टाकणाऱ्याचे). उरलेल्या दोन फाशांची बेरीज त्या रकान्यातली ओळ ठरवते. फलंदाजाच्या कार्डावर तीन रकाने, एकेकात 36 शक्यता, एकूण 108. निम्मे निकाल पिचरच्या कार्डावरून येतात, म्हणून फलंदाजाचे प्रमाण दुप्पट करून लीगची सरासरी वजा करायची. 5 टक्के होमरनवाल्याला 2 × 5 − 3 = 7 टक्के, म्हणजे 7.56 शक्यता. बेरीज 7 येण्याचे मार्ग 6, बेरीज 2 येण्याचा 1, उरलेल्या 0.56साठी दुसऱ्या रकान्यातल्या 12वर वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि 1 ते 11 आले तर होमरन. इथे गुण म्हणजे कार्डावरच्या ओळी. आणि 1 टक्कावाल्याचे काय? 2 × 1 − 3, उणे एक. कार्डावर शून्याखाली जाता येत नाही, म्हणून अगदी कमजोर फलंदाज कागदावर असतो त्यापेक्षा गेममध्ये थोडा बरा निघतो.

एक सावधगिरी ‘सरासरी’ या शब्दाचीही. क्रिकेटच्या सवयीने ‘फलंदाजीची सरासरी’ म्हणजे धावा भागिले बाद होणे असे डोक्यात येते. बेसबॉलमध्ये ती हिट (यशस्वी फटके) भागिले अ‍ॅट-बॅट (हिशेबात धरलेल्या फलंदाजीच्या संधी), आणि त्यात बेस-ऑन-बॉल्स (चार खराब चेंडूंमुळे फुकट मिळणारा बेस) धरत नाहीत. म्हणून लीगची सरासरी आणि फलंदाजीची सरासरी एकाच वाक्यात आल्या तर एक तरी पूर्ण नावाने लिहावी.

खेळाडूच्या गुणांत दुहेरी आकडा दिसला, जसे 45/65, तर पहिला सध्याचा आणि दुसरा संभाव्य. ‘क्षमता’ दोन्हींना लागू पडते, म्हणून चालत नाही. ‘सध्याचे गुण’ आणि ‘संभाव्य गुण’ लिहावे; बोलताना ‘कुवत’ही छान.

‘एकूण गुण’ मात्र बेरीज समजू नये. ती भारित सरासरी असते आणि भार जागेप्रमाणे बदलतो: शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाला) क्षेत्ररक्षणाचा भार मोठा, फर्स्ट बेसमनला (पहिल्या बेसवरच्याला) फलंदाजीचा. त्यामुळे तोच खेळाडू जागा बदलली की 60चा 45 होतो, आणि त्याचा एकही गुण बदललेला नसतो.

आणि ‘रेटिंग’? बोलण्यात खुशाल ठेवावे, ‘रेटिंग काढले’ हे ‘सरासरी काढली’सारखेच सहज येते. अनेकवचन ‘रेटिंग्स’ नको, ‘रेटिंगे’ तर नकोच. मराठीत एक रेटिंग, दहा रेटिंग.