दुहेरी तळ असूनही तेलगळतीचा आकडा संशयास्पद कमी येतोय? टाकीचा तळ तपासा

३२ मीटर रुंदीचा टँकर (तेलवाहू जहाज), २ मीटरचा दुहेरी तळ (म्हणजे जहाजाचा बाहेरचा पत्रा आणि तेलटाकीचा तळ यांत तेवढी पोकळी), आणि तळाला भगदाड पडल्यावरची गळती 'फारच कमी' येतेय, असं तुम्ही लिहिलंय. जवळजवळ खात्रीने सांगतो, टाकीच्या तळाची कीलपासूनची (जहाजाच्या अगदी खालच्या कण्यापासूनची) उंची शून्य धरली गेलीय. याच चुकीने माझे तीन आठवडे खाल्ले. मंजुरी देणाऱ्या कार्यालयाने कागद दोनदा परत पाठवले, शेरा एकच: 'पुन्हा तपासावे'. काय तपासावे, ते शेवटपर्यंत कळवलं नाही. असो.

दाबाच्या समतोलाचं मूळ तत्त्व तुम्हाला माहीत असणारच: आतल्या तेलाचा दाब बाहेरच्या पाण्याच्या दाबाइतका उतरेपर्यंतच तेल बाहेर जातं. मारपोलच्या (जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टातल्या नियम २३ मध्ये उरलेल्या तेलाची उंची टाकीच्या तळापासून मोजायची असते, कीलपासून नाही. ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती बुडतं ती खोली) १४ मीटर, घनता पाण्याची १०२५ आणि तेलाची ८५० किलो प्रति घनमीटर, आणि इनर्ट गॅसचा (टाकीत तेलावर भरलेल्या, आग न लागू देणाऱ्या वायूचा) दाब ५ किलोपास्कल धरा. तळ शून्यावर ठेवला तर १६.२८ मीटर तेल आत राहतं. तळ २ मीटरवर नेला की १३.८७. टाकीत १८ मीटर तेल असेल तर गळती १.७ नव्हे, ४.१ मीटर. २.५ मीटर ओहोटी धरली की ४.७ च्या जागी ७.१. ओहोटी नसतानाच्या आकड्याला ०.७ आणि ओहोटीच्या आकड्याला ०.३ चा भार लावून बेरीज केली तर चुकीचं उत्तर खऱ्याच्या निम्म्याच्या आसपास येतं. दिसायला छान, म्हणूनच घातक.

मग दुहेरी तळाने काय साधलं? माझ्या मते (वाद घाला हवं तर) खरा फायदा दाबाच्या गणितात नाहीच. खडक आतल्या तळापर्यंत पोहोचतच नाही, ही शक्यता वाढते, तो फायदा. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डीझ हा टँकर खडकावर आदळला आणि त्याच्या ११ पैकी ८ तेलटाक्या फुटल्या; मध्ये दुसरा तळच नव्हता. शिवाय फुटलेल्या टाकीतलं काही तेल दुहेरी तळातच अडकतं, त्यासाठी नियमात ०.६ चा गुणक आहे. तो लावायचा राहिला तर आकडा उलट फुगेल.

जाता जाता: सक्शन वेल (उरलेलं तेल उपसण्यासाठी टाकीच्या तळात केलेला खळगा) दुहेरी तळात उतरवताना बाहेरच्या पत्र्यापासून निदान निम्मी उंची सोडा, तुमच्या जहाजात १ मीटर. वेल लहान आणि उथळ असेल तर गळतीच्या गणितात धरायची गरज नाही. बॅलास्टचे (जहाजाचा तोल राखायला भरलेल्या पाण्याचे) पाइप मात्र तेलाच्या टाकीतून नेऊ नका.

हे सगळं ५००० टन डेडवेट (जहाज वाहू शकतं ते एकूण वजन) आणि त्यावरच्या टँकरांचं. तुमचा वर्गीकरण सर्व्हेयर (जहाजाची रचना तपासणाऱ्या वर्गीकरण संस्थेचा तपासनीस) वेगळं म्हणाला तर नियमाचा परिच्छेद क्रमांक लिहून मागा, तोंडी घेऊ नका.