चेंबरमध्ये गोळी ठेवून पिस्तूल बाळगायची धास्ती कशी जाईल?

जळगावात सराफी दुकान, परवान्याचं .३२ पिस्तूल, पण चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, झाडायला तयार गोळी असली की कमरेला लावताना धास्ती वाटते, असं तुम्ही विचारलंय.

आधी मॅन्युअलमध्ये फायरिंग पिन ब्लॉक (ट्रिगर दाबेपर्यंत गोळीवर आपटणारी पिन अडवून धरणारा भाग) आहे का ते बघा. नसेल तर पिस्तूल हातातून पडल्यावरही बार उडू शकतो. अशा हत्यारात चेंबर रिकामंच ठेवा, इथे धाडस नकोच.

ब्लॉक असेल तर मॅगझीन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने तपासा. मग रिकामं पिस्तूल कॉक करून (पिनवर आपटणारा हॅमर मागे ताणून), सेफ्टी लावून आठवडाभर घरातच कमरेला लावा. वाका, मांडी घालून बसा, जिने चढा. रात्री बघा, हॅमर पडलाय का? एकदाही पडला, तर परवानाधारक कारागिराकडे न्या. नाही पडला, तर निम्मी धास्ती तिथेच संपते.

उरलेला धोका ट्रिगरवर जाणाऱ्या बोटात आणि होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात. मऊ चामड्याची कड आत दुमडून ट्रिगर दाबते. ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टरच घ्या. सर्वांत नाजूक क्षण पिस्तूल परत ठेवतानाचा: शर्टाचं टोक ट्रिगरगार्डमध्ये शिरतं. म्हणून होल्स्टर आधी काढून टेबलावर ठेवा, नळी भिंतीकडे नको, सुरक्षित दिशेला धरा, पिस्तूल सावकाश बसवा, मग पट्ट्याला लावा.

रोज तीच गोळी चढवू-उतरवू नका. गोळीच्या टोकाचं शिसं पितळी केसमध्ये (दारू भरलेल्या नळकांड्यात) आत सरकतं, दाब धोकादायक वाढतो. नवी गोळी शेजारी उभी धरा, जुनी आखूड दिसली तर ती बाजूला काढा. आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने गंज लवकर धरतो, रोज पुसून तेलाचा हलका हात फिरवा.